चुंबकाने पाणी साफ होतं का? थॅलेट, पॉलिमर आणि तीन ब्लँकची गोष्ट

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या विभागात शाळेतली मुलं येतात. त्यांना दाखवायला माझ्याकडे एक हमखास टाळ्या घेणारा प्रयोग आहे. काचेच्या बाटलीत पाणी, त्यात चिमूटभर काळी पूड. बाटली हलवली की पाणी शाईसारखं काळं होतं. मग बाहेरून एक जोरदार चुंबक लावायचा. अर्ध्या मिनिटात सगळी पूड चुंबकाच्या बाजूला जाऊन चिकटते आणि बाकीचं पाणी नितळ. मुलं ओरडतात, "पाणी साफ झालं!"

पहिल्या वर्षी मी हसून "हो" म्हणाले होते. आता म्हणत नाही. कारण गेली ती मी टाकलेली पूड. मला पाण्यातून जे काढायचंय त्याला रंग नाही, वास नाही, आणि ते गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते कळायला मोजावं लागतं. माझी पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं या "मोजावं लागतं" शिकण्यातच गेली.

तुम्ही एम.एस्सी. संपवून पेट किंवा नेटची तयारी करत असाल, आणि "पाणी शुद्धीकरणासाठी चुंबकीय पॉलिमर" अशा प्रकारचा विषय डोक्यात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. आधी विषय समजून घेऊ, मग तो कुठे फसवतो ते पाहू.

थॅलेट म्हणजे कोण?

पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक असतं. त्यापासून रेनकोट, वायरचं आवरण, बागेतला पाइप, रेक्झिन किंवा सलाइनची नळी करायची तर ते मऊ करावं लागतं. त्यासाठी त्यात तेलासारखा द्रव मिसळतात, तो प्लॅस्टिसायझर. सर्वांत जास्त वापरलेलं कुटुंब थॅलेटचं, म्हणजे थॅलिक आम्लाचे एस्टर. मऊ पीव्हीसीच्या वजनात ३० ते ४० टक्के प्लॅस्टिसायझर असणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे मऊ नळी हातात घेतली तर तिचा तिसरा हिस्सा प्लॅस्टिक नसून तेल आहे, असं समजा.

महत्त्वाचा मुद्दा असा की हे तेल पॉलिमरच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं साखळ्यांच्या मधे बसलेलं असतं. म्हणून ते हळूहळू बाहेर येतं, हवेत, अन्नात आणि पाण्यात. जुना रेनकोट कडक होऊन तडकतो तेव्हा त्यातलं बरंचसं तेल आधीच कुठेतरी निघून गेलेलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करते. घरात पाणी आणणारे पांढरे किंवा करडे कडक पाइप यूपीव्हीसीचे असतात. त्यातल्या "यू"चा अर्थच प्लॅस्टिसायझर न घातलेलं असा आहे. त्यामुळे "पीव्हीसी म्हणजे थॅलेट" असं सरसकट लिहू नका, व्हायव्हामध्ये पकडतील.

या कुटुंबातले तीन सदस्य लक्षात ठेवा, कारण तिघांचा स्वभाव पार वेगळा आहे.

डीईपी, म्हणजे डायएथिल थॅलेट. लहान रेणू. अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. पाण्यात लिटरला साधारण १ ग्रॅम विरघळतो.

डीबीपी, म्हणजे डायब्युटिल थॅलेट. मधला भाऊ. लिटरला साधारण १० मिलिग्रॅम विरघळतो.

डीईएचपी, म्हणजे डायएथिलहेक्झिल थॅलेट. दोन लांब शेपट्या असलेला मोठा रेणू, रेणूभार ३९०. पाण्यात जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळतो. नदीत तो पाण्यापेक्षा गाळाला आणि तरंगत्या कणांना चिकटून प्रवास करतो.

काळजी कशाची? डीईएचपी आणि डीबीपी हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुरुष-संप्रेरकांच्या कामात अडथळा आणताना दिसले आहेत. युरोपीय संघाने दोघांनाही प्रजननाला घातक पदार्थांच्या यादीत टाकलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डीईएचपीला "कर्करोगकारक असण्याची शक्यता" असलेल्या २बी गटात ठेवलं आहे. पिण्याच्या पाण्यात डीईएचपी किती चालेल, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला ८ मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची कायदेशीर मर्यादा ६ मायक्रोग्रॅम.

हे ६ आणि ८ आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे सगळं यांच्यावर येऊन थांबणार आहे.

चुंबक कशाला?

पाण्यातून असा रेणू काढायची सगळ्यात साधी वाट म्हणजे अधिशोषण. एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागाला रेणू चिकटवून घ्यायचे आणि तो पदार्थ पाण्यातून बाहेर काढायचा. सक्रिय कोळसा हेच करतो आणि फार चांगलं करतो.

पृष्ठभाग जितका जास्त, तितकी जागा जास्त. म्हणून कण बारीक हवेत. पण कण बारीक झाले की ते पाण्यातून परत काढणं अवघड होतं. गाळणी तुंबते, सेंट्रिफ्यूजला वेळ लागतो. चहा जितका बारीक, तितकी गाळण्याची कटकट जास्त, तसंच. चुंबकाने ही अडचण सुटते. कणाच्या पोटात चुंबकीय गाभा ठेवला तर बारीकपणाही टिकतो आणि कण गोळाही करता येतात.

गाभा बहुतेक वेळा मॅग्नेटाइटचा असतो, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड. त्याचे कण १० नॅनोमीटरच्या आसपास असले की ते सुपरपॅरामॅग्नेटिक होतात. चुंबक जवळ असेपर्यंत ते ओढले जातात, चुंबक काढला की त्यांचं चुंबकत्व संपतं. हे नसतं तर एकदा गोळा झालेले कण एकमेकांना चिकटूनच बसले असते आणि दुसऱ्यांदा वापरता आले नसते.

कण बनतो कसा?

कणाचे थर आतून बाहेर असे चढतात.

पहिला, गाभा. फेरस आणि फेरिक क्षार १ः२ या प्रमाणात पाण्यात घ्यायचे, नायट्रोजन सोडत राहायचं आणि अमोनिया ओतायचा. बघता बघता फ्लास्क काळा होतो. नायट्रोजनमध्ये कंजुषी केली तर मॅग्नेटाइटचं ऑक्सिडेशन होतं आणि काळ्याऐवजी तपकिरी छटा येते. मी ती छटा दोनदा पाहिली आहे.

दुसरा, सिलिकाचा थर. टीईओएस नावाचं सिलिकॉनचं संयुग अल्कोहोल, पाणी आणि अमोनियाच्या मिश्रणात हळूहळू विघटित होतं आणि गाभ्याभोवती काचेसारखं कवच तयार करतं. ही पद्धत १९६८ सालची, श्टोबर यांच्या नावाने ओळखली जाते. या कवचामुळे आम्लात लोखंड विरघळून पाण्यात उतरत नाही. शिवाय या कवचावर पुढच्या थरासाठी रासायनिक "हुक" बसवता येतात.

तिसरा, पॉलिमर. हुक बसवलेल्या कणांवर मेथॅक्रिलिक आम्लासारखा मोनोमर आणि ईजीडीएमएसारखा जोडणारा रेणू घेऊन, एआयबीएनच्या मदतीने ६० ते ७० अंशांवर बहुवारिकीकरण करतात. थॅलेटला खरं चिकटायचं असतं ते या थराला. थॅलेटमध्ये बेंझिनचं कडं आहे, तेलकट शेपट्या आहेत आणि एस्टरचे ऑक्सिजन आहेत. कड्याला कडं आवडतं, शेपटीला तेलकट जागा आवडते आणि ऑक्सिजनला हायड्रोजन बंध.

प्रत्येक थराची किंमत असते. पॉलिमर जाड केला तर जागा वाढते, पण एका ग्रॅममधलं मॅग्नेटाइट कमी होतं आणि चुंबकाची ओढ मंदावते. शुद्ध मॅग्नेटाइटचं संपृक्त चुंबकन ग्रॅमला साधारण ९० ईएमयू असतं. थर चढत गेले की ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतं. त्यामुळे "किती जाड?" हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा लागतो.

ठसा आणि ठशाशिवाय

काही जण याच्या पुढे जातात. पॉलिमर बनवताना त्यात थॅलेटचे रेणू आधीच मिसळतात. पॉलिमर त्यांच्याभोवती कडक होतो. मग धुऊन थॅलेट काढून टाकलं की मागे त्याच आकाराच्या पोकळ्या उरतात. साच्यातून मोदक काढल्यावर साच्यात मोदकाचा आकार उरतो, तसं. याला रेणूचा ठसा घेतलेला पॉलिमर म्हणतात.

कल्पना सुंदर आहे. पण ठशाने खरंच फरक पडला हे दाखवायला तोच पॉलिमर, त्याच पद्धतीने, पण थॅलेट न मिसळता बनवावा लागतो. ठसेवाला पॉलिमर बिनठशाच्या पॉलिमरपेक्षा जितका जास्त थॅलेट पकडेल, तेवढंच ठशाचं श्रेय.

आणि इथे पाणी घोळ घालतं. ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात हायड्रोजन बंध चांगला टिकतो, तिथे ठसा ओळख दाखवतो. पाण्यात मात्र पाण्याचे रेणूच त्या जागांवर गर्दी करतात. शिवाय थॅलेटला पाण्यात राहायचंच नसतं, कोणतीही तेलकट जागा मिळाली की तो तिथे जातो. त्यामुळे बिनठशाचा पॉलिमरही जवळपास तितकंच पकडतो. पेपर वाचताना पहिल्यांदा हे बघा की चाचणी कोणत्या द्रावकात केली आहे.

तीन ब्लँकची गोष्ट

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर माझ्याकडे झकास आकडे होते. डीबीपी घातलेल्या पाण्यात माझा शोषक टाकायचा, तासभर हलवायचं, सिरिंजने पाणी ओढून नायलॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि यंत्रावर चढवायचं. जवळपास सगळं डीबीपी गायब. तीन महिन्यांचा डेटा, आलेखाची रेषा सरळ, आणि एका परिषदेला सारांशही पाठवून झालेला.

मॅडमनी आलेख पाहिले आणि एकच विचारलं, "शोषक न टाकता हेच सगळं करून पाहिलंस का?"

मी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी केलं. डीबीपीचं पाणी, शोषक नाही, बाकी तेच हलवणं, तीच सिरिंज, तोच फिल्टर. बरंचसं डीबीपी तरीही गायब! ते माझ्या पॉलिमरने पकडलं नव्हतं, त्यातला मोठा भाग फिल्टरने खाल्ला होता. नायलॉन हाही पॉलिमरच की.

मग मी घाबरून दुसरं टोक तपासलं. अतिशुद्ध पाणी घेतलं, डीबीपी नाही, शोषक नाही, आणि जीसी-एमएसवर चढवलं. बहुतेक थॅलेटांची खूण म्हणजे वस्तुमान १४९चा तुकडा. जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे डीबीपीच्या वेळेला १४९चं शिखर उभं. रिकाम्या पाण्यात थॅलेट! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाणी ठेवायची प्लॅस्टिकची पिचकारी-बाटली, मऊ नळ्या, हातमोजे, सिरिंजचा दट्ट्या, सगळीकडे तेच होतं जे मी पाण्यातून काढायला निघाले होते.

म्हणजे फिल्टर डीबीपी खात होता आणि बाटली डीबीपी सोडत होती. एक चूक आकडा चांगला दाखवत होती, दुसरी वाईट. दोन्ही मिळून एक विश्वासार्ह दिसणारी रेषा तयार झाली होती. रेषा सरळ आली म्हणून मी कधी शंकाच घेतली नाही.

तिसरी तपासणी उरली होती. शुद्ध पाण्यात नुसता शोषक टाकायचा. माझा शोषक ठशाचा होता, डीबीपीचाच ठसा. मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणाने कितीतरी तास धुतला होता. तरी पाण्यात टाकल्यावर त्यातून थोडं डीबीपी झिरपत होतंच. ठशाच्या पॉलिमरचं हे जुनं दुखणं आहे. साच्याचे काही रेणू आत अडकून राहतात आणि सावकाश बाहेर पडतात. मिलिग्रॅममध्ये काम करत असाल तर जाणवतही नाही, मायक्रोग्रॅममध्ये आलात की सगळं बिघडवतं. उपाय म्हणून ठसा घ्यायला नातेवाईक रेणू वापरतात, म्हणजे आकाराने जवळचा पण आपण मोजत नसलेला. झिरपला तरी तो यंत्रावर वेगळा ओळखू येतो.

प्रयोगशाळेतला एक सीनियर दादा म्हणाला, "एवढं कोण बघतं? सगळे असंच करतात." खरं सांगू, त्या आठवड्यात मला ते ऐकायला फार बरं वाटलं होतं. सारांश स्वीकारला गेला होता, घरी सांगून झालं होतं, फेलोशिपच्या अहवालात एक ओळ वाढणार होती. पण चुंबक लावल्यावर नितळ झालेलं पाणी "साफ" म्हणणाऱ्या मुलांमध्ये आणि माझ्यात मग फरक काय? मी मॅडमना सांगून सारांश मागे घेतला. तीन महिन्यांचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला. फोल्डरचं नाव "फिल्टरचं अधिशोषण" असं ठेवलंय.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक संचात तीन ब्लँक असतात.

१. नुसतं पाणी. थॅलेट नाही, शोषक नाही. बाहेरून काय येतंय ते कळतं.
२. थॅलेट आहे, शोषक नाही. काचेला, झाकणाला, फिल्टरला किती चिकटतंय ते कळतं.
३. शोषक आहे, थॅलेट नाही. शोषक स्वतः काय सोडतोय ते कळतं.

कामाची पद्धतही बदलली. प्लॅस्टिक शक्य तिथे बंद. काचेची भांडी द्रावकाने खळखळवून ४०० अंशांवर भट्टीत तापवायची आणि तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल. फक्त मापाचे फ्लास्क आणि पिपेट तापवायचे नाहीत, त्यांचं माप बिघडतं, ते द्रावकानेच धुवायचे. झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. आणि फिल्टर? तो लागतच नाही. बाहेरून चुंबक धरायचा, काचेच्या पिपेटने वरचं पाणी घ्यायचं. चुंबकीय शोषकाचा हा फायदा माझ्या हातात पहिल्या दिवसापासून होता, आणि मी सवयीने फिल्टर लावत होते.

मोठा आकडा, छोटं काम

आता दुसरा सापळा. शोषकावरचे बहुतेक पेपर एका आकड्याने मिरवतात, तो म्हणजे कमाल क्षमता, ग्रॅमला किती मिलिग्रॅम. मूळ सूत्र साधं आहे.

ग्रॅममागे पकडलेलं = (सुरुवातीची संहती − उरलेली संहती) × पाण्याचं आकारमान ÷ शोषकाचं वजन

वेगवेगळ्या संहतींना हा प्रयोग करून आलेख काढतात आणि त्यावर लँगम्यूरचं समीकरण बसवतात. १९१८ साली मांडलेलं हे समीकरण दोन स्थिरांक देतं. एक, कमाल क्षमता, म्हणजे जागा किती. दुसरा, ओढ, म्हणजे रेणू थोडेच असतानाही ते जागेवर किती घट्ट बसतात. पेपरच्या शीर्षकात पहिला स्थिरांक येतो, दुसरा तक्त्यात कुठेतरी झाकला जातो.

एक गणित करून बघू. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, गणित खरं आहे. डीईपीसाठी दोन शोषक समजा.

शोषक "अ": क्षमता ग्रॅमला २०० मिलिग्रॅम, ओढ मिलिग्रॅममागे ०.०५ लिटर.
शोषक "ब": क्षमता ग्रॅमला ४० मिलिग्रॅम, ओढ मिलिग्रॅममागे २ लिटर.

लिटरला १०० मिलिग्रॅम डीईपी उरेल अशा पाण्यात "अ" ग्रॅममागे सुमारे १६७ मिलिग्रॅम पकडेल, "ब" सुमारे ४०. "अ" जिंकला, पेपर छापला.

आता खऱ्या प्रश्नाकडे या. पाण्यात लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, ते ५ वर आणायचंय. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.००५ मिलिग्रॅम. लँगम्यूरमध्ये घाला. "अ" ग्रॅममागे ०.०५ मिलिग्रॅम पकडतो, "ब" सुमारे ०.४. आठपट फरक, आणि उलट दिशेला!

एका लिटरमधून ४५ मायक्रोग्रॅम काढायला "अ" लागेल ०.९ ग्रॅम, "ब" लागेल साधारण ०.११ ग्रॅम. हजार लिटरच्या टाकीला "अ" ९०० ग्रॅम, "ब" सव्वाशे ग्रॅमच्या आत. आणि कुणी नुसती कमाल क्षमता बघून हिशोब केला असता तर "अ" लिटरला पाव मिलिग्रॅमही पुरेल असं वाटलं असतं. प्रत्यक्ष गरजेच्या चार हजार पट कमी.

वहीच्या पहिल्या पानावरचे ६ आणि ८ आठवा. पाण्यातली खरी लढाई मायक्रोग्रॅममध्ये आहे. तिथे जागा किती यापेक्षा ओढ किती हे महत्त्वाचं ठरतं. क्षमता आणि ओढ यांचा गुणाकार करून बघा, कमी संहतीला कोण जिंकणार ते लगेच कळतं. "अ"चा गुणाकार १०, "ब"चा ८०.

विरघळलंच नसेल तर?

याच सापळ्याची एक गंमतीदार आवृत्ती डीबीपी आणि डीईएचपीबाबत होते. डीबीपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतं. मग कुणी लिटरला १०० मिलिग्रॅमचं द्रावण वापरलं असेल, तर ते काय आहे? मिथेनॉलमध्ये विरघळवून पाण्यात ओतलं असणार, आणि उरलेलं डीबीपी बारीक थेंबांच्या रूपात तरंगत असणार. हे थेंब काचेला चिकटतात, वर येतात, शोषकाच्या कणांवर लेप देतात. नंतर पाण्यात डीबीपी कमी दिसलं की सगळं अधिशोषण म्हणून मोजलं जातं. अशा वेळी क्षमतेचा आकडा छान येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. म्हणून प्रयोगाची संहती ठरवताना विद्राव्यता आधी बघा, आणि सहद्रावक किती घातला ते स्पष्ट लिहा.

वेगाच्या आलेखाबद्दलही एक सावधगिरी. "स्यूडो सेकंड ऑर्डर" प्रारूप बसलं, आर-वर्ग ०.९९९ आला, म्हणून अधिशोषण रासायनिक आहे, असं वाक्य शेकडो पेपरांत सापडेल. त्या आलेखात एका अक्षावर वेळ असतो आणि दुसऱ्या अक्षावरच्या राशीतही वेळ असतो. रेषा सरळ येणारच. त्यावरून यंत्रणा सिद्ध होत नाही.

मग याचा उपयोग तरी काय?

उपयोग आहे, पण तो कुठे आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

शहराचं पाणी शुद्ध करायला हे कण उद्या लागतील असं मी म्हणणार नाही. तिथे सक्रिय कोळसा स्वस्त आहे, आजमावलेला आहे. तुमच्या प्रत्येक तक्त्यात कोळशाचा एक स्तंभ असू द्या, तुलना त्याच्याशी करा. नदीच्या पाण्यात ह्युमिक पदार्थ असतात, पानं-माती कुजून आलेले. थॅलेटपेक्षा ते कितीतरी जास्त प्रमाणात असतात आणि तुमच्या कणांवरच्या जागा अडवतात. मोठ्या प्रमाणावर चुंबकाने कण वेगळे करणं अशक्य नाही. चिनी मातीतून लोहयुक्त अशुद्धी काढायला उद्योगात जोरदार चुंबकीय विलगक वापरले जातात. पण बाटलीबाहेर चुंबक धरणं आणि वाहत्या पाण्यातून नॅनोकण एकही न सोडता पकडणं यात अंतर आहे. सुटलेला कण हेही प्रदूषणच.

आणि पकडलेल्या थॅलेटचं काय? मिथेनॉलने धुतलं तर ते मिथेनॉलमध्ये गेलं. नष्ट झालं नाही, घर बदललं. पाच वेळा पुनर्वापर केला असं लिहिताना पाच वेळा किती मिथेनॉल लागलं आणि ते कुठे गेलं, हेही लिहायला हवं.

जिथे हे कण आज खरोखर कामी येतात, ती जागा म्हणजे विश्लेषण. १९९९ साली शाफारिकोव्हा आणि शाफारिक या चेक संशोधकांनी चुंबकीय घनप्रावस्था निष्कर्षणाची पद्धत मांडली. कल्पना अशी, की अर्ध्या लिटर पाण्यात कण टाकायचे, थॅलेट पकडू द्यायचं, चुंबकाने कण गोळा करायचे आणि अर्ध्या मिलिलिटर द्रावकात थॅलेट उतरवायचं. सगळं उतरलं तर संहती हजारपट वाढली. जे यंत्राला दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. पाण्यात थॅलेट किती आहे हेच नीट माहीत नसेल तर ते काढायची गोष्ट पुढची. माझा प्रबंधही आता या बाजूला वळला आहे.

विषय घेण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

- मी कोणता थॅलेट घेणार आहे, आणि तो पाण्यात किती विरघळतो?
- माझी प्रयोगशाळा किती खाली मोजू शकते? जीसी-एमएस हाताशी आहे, की वर्षातून चार वेळा दुसऱ्या संस्थेत नमुने पाठवावे लागणार? हे गाईडला पहिल्याच भेटीत विचारा, संकोच करू नका.
- तीनही ब्लँक माझ्या आराखड्यात आहेत का?
- कोळसा आणि बिनठशाचा पॉलिमर, दोन्ही तुलनेला आहेत का?
- शुद्ध पाण्याखेरीज नळाचं, नदीचं, विहिरीचं पाणी कधी घेणार? शेवटच्या महिन्यात की दुसऱ्याच महिन्यात?
- कण आणि धुतलेला द्रावक यांचं शेवटी काय करणार?

सगळ्यांची उत्तरं आज नसतील तरी हरकत नाही. माझ्याकडेही नव्हती. पण प्रश्न भिंतीवर चिकटवलेले असले तर तीन महिने वाचतात.

यंदाच्या विज्ञान दिनाला मी प्रयोग थोडा बदलला. चुंबक लावून पाणी नितळ झाल्यावर मुलांना विचारलं, "आता हे पाणी साफ आहे हे मला कसं कळेल?" थोडा वेळ शांतता. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, ज्यात पूड टाकलीच नाही असं पाणी पण ठेवायला पाहिजे ना बाजूला?"

मी तिला चुंबक घरी नेऊ दिला.